एक मेला कामगारांचा सिनेमाही दाखवा: इंदूरच्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि सांस्कृतिक समित्यांचे सदस्य,
इंदूरमधील मराठी मंडळे

स. न. वि. वि.

येत्या एक मेच्या कार्यक्रमांच्या पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागल्या आहेत. लेझीम आहे, पोवाडे आहेत, नऊवारी नेसून काढायची स्कूटर फेरी आहे, झुणका-भाकरीचे स्टॉल आहेत आणि रात्री पुण्याहून येणारी लावणी आहे. महाराष्ट्र दिन झोकात होणार यात शंका नाही. पण माझ्यापर्यंत आलेल्या एकाही पत्रिकेत कामगार दिनाचा साधा उल्लेख नाही. त्यासाठी हे पत्र.

मागणी छोटी आहे. त्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी कामगारांच्या पिळवणुकीवरचा एक चांगला चित्रपट दाखवा. तो राजेंद्रनगर, रामबागेकडच्या एखाद्या सभागृहात न दाखवता मालवा मिल-परदेशीपुरा या जुन्या मिलमजुरांच्या भागात दाखवा. आणि चित्रपट निवडताना घाई करू नका. पत्र लांबले आहे ते या शेवटच्या मुद्द्यामुळे, तेवढे गोड मानून घ्यावे.

हा विषय आपला नाही असे कोणी म्हणेल, म्हणून आधी एक आठवण करून देतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईचे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले होते आणि गोळ्या झेलणाऱ्यांतही ते होते. हुतात्मा चौकातल्या शिल्पात मशाल धरून दोघे उभे आहेत, एक शेतकरी आणि एक कामगार. आपल्या बॅनरवर दर वर्षी त्या शिल्पाचा फोटो असतो. मशालीच्या मागची माणसे कोण, हे मुलांना सांगायला मंचावर कुणाला वेळ नसतो, कारण तोपर्यंत पाहुण्यांचा सत्कार सुरू झालेला असतो.

इंदूरची गोष्ट सांगतानाही आपण असेच करतो. होळकर सांगतो, अहिल्याबाई सांगतो, लता मंगेशकरांचा जन्म इथला हे सांगतो. मिल सांगत नाही. मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याण, भंडारी ही नावे आज पुष्कळ तरुण मराठी मुलांना चौकांची आणि पुलांची नावे वाटतात. माझे वडील खानदेशातून आले आणि त्यांतल्याच एका मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, लागले. आधी बदली कामगार, मग कायम. आमच्या ओळीत भोंग्यावर घड्याळ लावत. मी पुढे चित्रपट वितरकाच्या ऑफिसात कारकून झालो. इंदूर हे मध्य भारतातल्या चित्रपट वितरणाचे मोठे केंद्र, त्यामुळे प्रिंटच्या पेट्या, बुकिंग, रोजच्या कलेक्शनचे रिपोर्ट यांतच माझे आयुष्य गेले. कामगारांचे चित्रपट कोण बघते, हे मला त्या रिपोर्टांतून कळले. बाल्कनी रिकामी आणि पुढच्या रांगा फुल्ल, असे कलेक्शन बऱ्याचदा ज्या चित्रपटांचे यायचे त्यांत हमाल, खाणमजूर, टांगेवाला असे कोणीतरी असायचे.

इंदूर आणि पडदा यांचे नातेही मिलमधूनच जाते. जॉनी वॉकर, म्हणजे बद्रुद्दीन काझी, इंदूरच्या एका मिलमजुराचा मुलगा. बापाचे काम गेले, कुटुंब मुंबईला आले, मुलगा बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर झाला आणि तिथून सिनेमात. त्याच्या विनोदावर आपण हसलो, पण तो मुंबईला का गेला हे कुणी विचारले नाही. सलीम खानही इंदूरचे. जावेद अख्तरांबरोबर त्यांनी ‘दीवार’ लिहिला, ‘काला पत्थर’ लिहिला. म्हणजे हिंदी सिनेमातला सर्वांत गाजलेला गोदीतला हमाल ज्यांनी लिहिला, त्यांतला एक लेखक आपल्या गावचा आहे.

आणि इथेच निवडीचा प्रश्न येतो. कामगारांचा सिनेमा म्हटले की समितीतले कोणीतरी ‘दीवार’ सुचवणारच. मला तो फार आवडतो, पण एक मेला तो नको. १९७५ चा हा चित्रपट सुरू होतो तेव्हा नायकाचा बाप संपाचा नेता असतो. मालक त्याच्या बायकामुलांच्या जिवावर उठतो आणि त्याच्याकडून हव्या त्या कागदावर सही करून घेतो. हिंदी सिनेमात संप कसा फोडतात हे इतक्या थोडक्यात क्वचित कोणी दाखवले असेल. पुढे गोदीत हमालांच्या मजुरीतून हप्ता कापला जातो, तेही चोख आहे. पण नायक हप्तेवाल्यांना गोदामात बडवतो, आणि त्या मारामारीनंतर चित्रपट हमालांना सोडून नायकाबरोबर स्मगलरच्या बंगल्यात जातो. मजुरीचे पुढे काय झाले? हप्ता थांबला का? सही केलेल्या त्या कागदाने किती घरे बसली? चित्रपटाला आता या प्रश्नांत रस उरलेला नाही. एका माणसाच्या मुठीने प्रश्न सुटला असे समजून पुढच्या रांगा शिट्ट्या मारत बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी मिलच्या गेटवर मुकादम होता तिथेच होता.

‘काला पत्थर’बद्दल मात्र मी जरा हात राखून बोलेन. तो आला तेव्हा समीक्षकांनी त्याला मारधाडीच्या खात्यात टाकले. पण २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसून ३७५ कामगार गेले, त्या घटनेची सावली या चित्रपटावर आहे. पलीकडच्या जागेत पाणी भरलेले आहे असा इशारा मिळूनही मालक कोळशाच्या लोभाने खणायला लावतो, हे त्यात स्पष्ट आहे. दुर्घटना आभाळातून पडत नाही, ती ऑफिसात ठरते, एवढे तरी तो सांगतो. गाणी आणि मारामारी बाजूला ठेवून बघण्याची तयारी असेल तर तो चालेल.

माझा निकष साधा आहे. पिळवणुकीवरच्या चित्रपटात हिशेब ऐकू आला पाहिजे. मजुरी किती, तास किती, कापले किती, उचल कोणाकडून, व्याज काय, सही कुठे घेतली. गरिबी दाखवणे सोपे असते. फाटकी साडी, धुरकट चूल, रडणारे मूल आणि मागे सारंगी एवढ्यावर भागते. ते बघून प्रेक्षक हळहळतो आणि घरी जाऊन जेवतो. पण पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात नेमका कोणत्या वाटेने गेला, हे जो चित्रपट दाखवतो तो बघून माणूस गप्प होतो. कारण मग त्याला आपलेही खिसे आठवतात.

‘दो बिघा जमीन’ घ्या. बिमल रॉय यांचा, १९५३ चा. शंभूची दोन बिघे जमीन जमीनदाराला गिरणीसाठी हवी आहे. शंभूच्या समजुतीप्रमाणे कर्ज ६५ रुपये. घरातले किडूकमिडूक विकून तो ६५ रुपये उभे करतो आणि घेऊन जातो. तिथे त्याला कळते की कर्ज २३५ रुपये आहे, कारण वहीत तसे लिहिले आहे आणि वही लिहिणारा जमीनदाराचा आहे. निरक्षर माणूस लिहिलेल्या आकड्यासमोर उभा राहतो, तेव्हा बलराज सहानींच्या चेहऱ्यावर दुःखाच्या आधी गोंधळ दिसतो. पुढे कोलकात्याला जाऊन हातरिक्षा ओढणे, जास्त पैशांच्या आशेने गिऱ्हाईक सांगेल तितके जोरात धावणे, चाक निखळणे, हे सगळे त्या एका आकड्यामागे येते. सत्तर वर्षांपूर्वीचा चित्रपट, पण ज्याने कुणाकडून उचल घेतली आहे त्याला तो कालचा वाटेल.

मराठी चित्रपट ही वाट त्याच्याही आधी चालला होता, हे आपल्या मंडळांना खास सांगण्यासारखे आहे. बाबुराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा, मूकपट. ना. ह. आपटे यांची कथा, आणि सावकाराने जमीन गिळलेला तरुण शेतकरी झाला होता व्ही. शांताराम. जमीन गेल्यावर तो शहरात येऊन गिरणी कामगार होतो. म्हणजे खेड्यातली वही आणि शहरातला भोंगा यांचा संबंध आपल्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी पडद्यावर जोडला होता. मूळ मूकपट आज पाहायला मिळत नाही, नाहीतर मी तोच सुचवला असता.

हरवलेला आणखी एक आहे. १९३४ मध्ये मोहन भवनानी यांनी ‘मिल’ उर्फ ‘मजदूर’ काढला. त्याची कथा प्रेमचंदांची, आणि एका प्रसंगात पंच म्हणून ते स्वतः पडद्यावर दिसले होते. मिलमालकाचा उधळ्या मुलगा कामगारांना छळतो आणि त्याची बहीण कामगारांच्या बाजूने संपात उतरते, अशी ती गोष्ट. मुंबईत त्यावर बंदी आली. आज प्रिंट नाही. ज्या शहरात मिल होत्या त्याच शहरात मिलवरचा चित्रपट दाखवू दिला नाही, यावरून त्या काळच्या मालकांना पडद्याची किंमत किती कळली होती ते दिसते. आपल्या समित्यांना ती अजून कळलेली नाही, हे मात्र आश्चर्य.

खरे तर सिनेमाची सुरुवातच कामगारांपासून आहे. १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी ल्यों शहरातल्या आपल्या कारखान्याच्या फाटकासमोर कॅमेरा ठेवला आणि सुटी झाल्यावर बाहेर पडणारे कामगार टिपले. जेमतेम पन्नास सेकंदांची फीत. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पहिला खेळ झाला त्यातही ती होती. बायका, पुरुष, सायकली, एक कुत्रा, सगळे हसतखेळत बाहेर पडतात. कॅमेरा मालकाचा आणि फाटकही मालकाचे. कामगार दिसतात, काम दिसत नाही. पुढची कित्येक वर्षे बहुतेक चित्रपट फाटकाबाहेरच उभे राहिले. आत शिरले ते थोडे, आणि आपल्याला त्या थोड्यांतूनच निवडायचे आहे.

आत शिरणाऱ्यांत चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ अजून पहिल्या नंबरावर. १९३६ चा. पट्ट्यावरून येणारे नट आवळत राहायचे, पट्टा मालकाच्या हुकमाने वेग घेतो. जेवणाची सुटी वाचवण्यासाठी कामगाराला उभ्या उभ्या भरवणारे यंत्र विकायला एक माणूस येतो. सगळे हसतात, मीही दर वेळी हसतो, पण त्या यंत्राचा हेतू पाहा: कामगार जेवायला जी थोडी मिनिटे घेतो तीसुद्धा मालकाच्या डोळ्यांत खुपतात. चार्ली शौचालयात जाऊन सिगारेट ओढायला लागतो तर तिथल्या भिंतीवर मालकाचा भलामोठा चेहरा उमटतो आणि त्याला कामावर पिटाळतो. फोनवरचे अ‍ॅप हातात धरून दुसऱ्याचे गरम जेवण पोचवत फिरणारी मुले पलासिया चौकात सिग्नलला उभी असतात, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. (त्यांच्यावर नंदिता दास यांनी भुवनेश्वरच्या पार्श्वभूमीवर ‘झ्विगाटो’ केला आहे. कारखान्यातली नोकरी गेल्यावर डिलिव्हरीला लागलेला माणूस आणि त्याचे रेटिंग. बरा आहे.)

‘मॉडर्न टाइम्स’नंतर ऐंशी वर्षांनी, २०१६ मध्ये, राहुल जैन यांचा ‘मशीन्स’ हा माहितीपट आला. सुरतेजवळच्या सचिन इथल्या एका कापड कारखान्यात तो चित्रित झाला आहे. बारा बारा तासांच्या पाळ्या, रंगाच्या टाक्या, डुलक्या घेत यंत्रावर हात ठेवणारा एक पोरगा. वर ऑफिसात मालक सीसीटीव्हीच्या पडद्यांसमोर बसलेला असतो आणि पोट भरले की कामगार नीट काम करत नाहीत अशा अर्थाचे काहीतरी बिनदिक्कत सांगतो. म्हणजे चॅप्लिनने थट्टेने दाखवलेला पडदा खरोखरच भिंतीवर आला. एक कामगार म्हणतो की मला कुणी जबरदस्तीने आणलेले नाही, कर्ज काढून मीच आलो. या वाक्यावर चर्चा व्हायला हवी, कारण आपल्याकडे जेवणावळीत कुणीतरी हेच म्हणते: त्यांना परवडते म्हणूनच ते येतात ना? कर्ज काढून आलेल्या माणसाला परवडते म्हणजे काय परवडते, हे तो चित्रपट बघितल्यावर बोलू.

त्याच माहितीपटात शेवटाकडे कामगार दिग्दर्शकाभोवती जमतात आणि त्यालाच विचारतात. तुम्ही आलात, आमचे हाल पाहिलेत, आता जाल. पुढारीही असेच येऊन जातात. आम्ही काय करावे ते तरी सांगा. कॅमेऱ्याकडे त्याचे उत्तर नाही. असला चित्रपट दाखवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न लागू होतो, आपल्यालाही, आणि म्हणूनच जागा परदेशीपुऱ्याची असावी असे मी म्हणतो.

तिथे कोण राहते? हुकुमचंद मिलचे उदाहरण सर्वांसमोर आहे. १२ डिसेंबर १९९१ ला मिल बंद झाली. ५,८९५ कामगार एका दिवसात घरी बसले. त्यांच्या देण्यांसाठीचा लढा कोर्टांतून, उपोषणांतून, मोर्च्यांतून चालत राहिला आणि २५ डिसेंबर २०२३ ला २२४ कोटींचा धनादेश आला. बत्तीस वर्षे. तिशीत काम गेलेला माणूस साठी ओलांडून गेला, आणि ज्यांचे पैसे होते त्यांतले कित्येक तोवर वारले होते. वारसांनी दाखले गोळा केले, नावातल्या काना-मात्रेसाठी शपथपत्रे केली. एवढ्या मोठ्या गोष्टीवर कुणी पूर्ण लांबीचा चित्रपट केलेला माझ्या पाहण्यात नाही. मुंबईचा १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकात आला आणि त्यावरून महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ केला. त्यात संपापेक्षा पिस्तुले जास्त लक्षात राहतात, ही माझी तक्रार आहे, पण निदान एका पिढीला संप झाला होता एवढे कळले. इंदूरच्या वाट्याला तेवढेही आले नाही. कामगार पुढारी होमी दाजी १९६२ मध्ये इथून लोकसभेवर गेले ते मिलमजुरांच्या बळावर, हे आपल्या शाळेतल्या मुलांना विचारून पाहा.

अनंत चतुर्दशीच्या रात्री आपण सहकुटुंब मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला रस्त्याच्या कडेला उभे असतो. मिल बंद पडून तीन दशके झाली, तरी कामगार आणि त्यांची मुले पैसे जमवून त्या झांक्या काढतात, रात्रभर चालवतात. तेव्हा आपल्याला ते आपले वाटतात. गणपती दोघांचा, मग एक मे एकट्याचा का?

तर त्या वस्तीत एखाद्या मैदानात पडदा लावावा. चित्रपटानंतर मिलच्या जुन्या कामगारांना बोलू द्यावे, स्त्री कामगारांना आधी. शाल-श्रीफळ नको. सत्काराची शाल खांद्यावर पडली की माणूस आभार मानायला लागतो आणि जे सांगायचे ते राहून जाते. निवेदन हिंदीत असावे, किंवा इंदुरात जसे आपण एका वाक्यात दोन्ही बोलतो तसे. शुद्ध मराठीचा आग्रह त्या संध्याकाळी बाजूला ठेवा.

तिकडे आपली माणसे येणार नाहीत, असे एका कार्यवाहांनी मला फोनवर सांगितले. खरे आहे, सुरुवातीला थोडी येतील. पण लावणीला येणारे सहाशे आणि इथे येणारे साठ, यांची तुलना करू नका. वितरणाच्या धंद्यात आम्ही पहिल्या दिवसाच्या कलेक्शनवर चित्रपट उतरवत नव्हतो, सोमवारची वाट बघत होतो.

दुसरा आक्षेप असा आला की सणाच्या दिवशी रडका चित्रपट नको. ‘मॉडर्न टाइम्स’ ८७ मिनिटांचा आहे, त्यात बोलणे जवळजवळ नाही, आणि सहा वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे हसतात. मुहूर्ताला तोच लावा. मराठीच हवा असे समितीचे म्हणणे असेल तर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ आहे, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, आणि त्यात मोठ्याने रडणारे कोणी नाही. एका शाहिरावर खटला आहे की त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. खटला चालत राहतो, तारखा पडत राहतात. मग एक दिवस त्या कामगाराची बायको साक्षीला येते आणि कुठलाही आव न आणता नवऱ्याच्या कामाचे तपशील सांगते. वास सहन व्हावा म्हणून तो पिऊन उतरायचा. आत हवा आहे की नाही हे कळायला मॅनहोलमध्ये खडा टाकून बघायचा, झुरळ हलले तर उतरायचे. सुरक्षेची साधने म्हणून त्याच्याकडे काय होते, तर तो खडा. मी म्हणतो तो हिशेब हाच. इथे आकडा नाही, पण मालकाने किती पैसे वाचवले ते त्या झुरळावरून कळते.

२०१७ पासून देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून आपण मिरवतो, आणि मिरवावे, पहाटे रस्ते झाडणाऱ्यांचे ते यश आहे. गटारात उतरून जीव गेला तर कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. स्वच्छ शहराच्या मराठी मंडळाने ‘कोर्ट’ दाखवावा, याहून औचित्य ते कोणते असते?

तिसरा चित्रपट सुचवतो तो बायकांसाठी म्हणून नाही, सगळ्यांसाठी. पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’, २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळालेला. त्यातली पार्वती रत्नागिरीची, मुंबईच्या इस्पितळात स्वयंपाकीण, छाया कदम यांनी केलेली. बिल्डर तिला खोलीतून काढायला निघाला आहे. नवरा वारला आहे आणि खोली आपली असल्याचा कागद तिच्याजवळ नाही. इतकी वर्षे राहिली, राबली, भाडे-बिले भरली, पण कागद नाही म्हणून ती तिथे नव्हतीच. शंभूच्या वेळी कागद लिहिला गेला होता, हिच्या वेळी लिहिलाच गेला नाही. दोन्ही चित्रपट लागोपाठच्या वर्षी दाखवले तर ते एकमेकांशी बोलतील.

आता थोडे घरचे. मागच्या वर्षी इथल्याच एका मंडळाच्या स्नेहसंमेलनात रात्री एक वाजता मी वाढप्या मुलांना ताटे विसळताना पाहिले. पंधरा-सोळा वर्षांची असतील. सकाळपासून होती. जेवलात का, तर शेवटी जेवू म्हणाली. ठेकेदाराला मी मजुरी विचारली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, काका, मठ्ठा घ्या. मंडळाच्या जमाखर्चात ‘भोजन व्यवस्था’ अशी एक गोळाबेरीज रक्कम होती. त्यातले त्या मुलांना किती गेले ते लिहिलेले नव्हते, कुणी विचारलेही नव्हते. पोळ्या लाटणाऱ्या बायका, मांडववाले, पहाऱ्यावरचे काका, नाट्यगृहातले पडदे ओढणारे, सगळे आपल्या त्या एका रकमेत बुडालेले असतात. पिळवणुकीवरचा चित्रपट या जमाखर्चासह दाखवणे म्हणजे जरा पंचाईतच. सिनेमावाल्यांनाही हे चुकलेले नाही म्हणा. लाइट उचलणाऱ्या आणि रूळ टाकणाऱ्या कामगारांसाठी १९८१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, कारण दुसऱ्यांच्या पिळवणुकीवर चित्रपट काढणाऱ्या सेटवरही मजुरी थकत होती.

म्हणून प्रत्यक्ष सूचना अशा. प्रदर्शनाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी आधी काढा, यूट्यूबवरून उचलून दाखवू नका, तीही कुणाच्या तरी कामाची चोरीच आहे. परवानगीच्या पत्रव्यवहाराला महिना लागतो, तेव्हा सुरुवात आजच झाली पाहिजे. मे महिन्याचे ऊन बघता खेळ साडेसातच्या आधी सुरू करू नका, आणि परदेशीपुऱ्यात दुसऱ्या पाळीचे लोक अजून आहेत, पिथमपूरच्या कारखान्यांतून बसने उशिरा परततात, त्यांच्यासाठी शनिवार बरा. फलक हिंदीत आणि मराठीत असावा. पाण्याचे मटके ठेवा, बाटल्या नकोत. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, त्याची चौकशी मी करून ठेवली आहे, ओळखीचे ऑपरेटरही आहेत.

आणि खर्चाचा तक्ता करताना ‘व्यवस्था’ या नावाखाली सगळे एकत्र टाकू नका. पडदा बांधणारे किती, खुर्च्या लावणारे किती, त्यांचे तास किती आणि प्रत्येकाच्या हातात किती पडले, हे ओळीने लिहा आणि तो कागद त्या दिवशी प्रवेशाजवळ लावा. समित्यांची संयुक्त बैठक ठरली की कळवावे, मी तक्त्याचा नमुना घेऊन येईन.

आपला,
परदेशीपुऱ्यात वाढलेला, चित्रपट वितरणाच्या धंद्यातला एक निवृत्त कारकून